वर्धा-नागपूर अप-डाऊन : डब्यातल्या सुरक्षेची जबाबदारी नेमकी कोणाची?

"पोरीचं नागपूरला जाणं बंद केलं." आमच्या कामात हे वाक्य नेहमी ऐकू येते. वर्धा-नागपूर मार्गावरील एका लहान स्टेशनजवळच्या गावात गेल्या वर्षी मी ते पुन्हा ऐकले. मुलगी बी.एस्सी.च्या दुसऱ्या वर्षाला होती. वडील शेतमजूर, आई बचत गटात. त्या घरात पदवीपर्यंत पोहोचणारी ती पहिलीच. संध्याकाळच्या गाडीत एक माणूस आठवडाभर तिच्या मागोमाग त्याच डब्यात चढत होता. एके दिवशी त्याने अंगाला हात लावला. डब्यात माणसे होती, कुणी काही बोलले नाही. ती आपल्या स्टेशनवर उतरली तेव्हा तिथे पोलीस नव्हता. दुसऱ्या दिवशी वडील तिला घेऊन एका ठाण्यात गेले. तिथे सांगण्यात आले की हे आमच्या हद्दीत येत नाही. दुसऱ्या ठिकाणी विचारले, "गाडीत घडलं ना, मग कोणत्या दोन स्टेशनांच्या मध्ये घडलं ते सांगा." तिला सांगता आले नाही. तिसऱ्या ठिकाणी जायचे म्हणजे आणखी एक रोजी बुडवायची. ते गेले नाहीत. कॉलेज सुटले.

ही मुलगी कोणत्याही गुन्हे अहवालात सापडणार नाही, कारण गुन्हा नोंदलाच गेला नाही. कॉलेजच्या हजेरीपटावर ती फक्त गळती म्हणून दिसेल. आपल्या समाजातल्या मुलींचे शिक्षण का थांबते याची चर्चा आपण करतो तेव्हा हुंडा, लवकर लग्न आणि फी यांचा उल्लेख होतो. रेल्वेच्या डब्याचा होत नाही.

वर्धा ते नागपूर हे अंतर जवळपास 80 किलोमीटर. मध्ये सेलू रोड, तुळजापूर, सिंदी, बोरखेडी, बुटीबोरी, गुमगाव, खापरी, अजनी अशी स्टेशने आहेत. या गाड्यांत नागपूरच्या कॉलेजांत शिकणारी मुले असतात, बुटीबोरी एमआयडीसीतले कामगार असतात, उलट दिशेने सेवाग्राम आणि सावंगीच्या दवाखान्यांत ड्युटीवर जाणाऱ्या नर्सेस असतात. शिवाय हिंगणघाट आणि पुलगावकडून येऊन गाडी बदलणारे वेगळेच. सगळ्यांच्या खिशात एमएसटीचा पास. एसटीपेक्षा रेल्वे स्वस्त, म्हणून गरीब घरातल्या मुलीला दुसरा पर्याय नसतो.

या मार्गाची एक अडचण बाहेरच्या माणसाला कळत नाही. दिल्ली-चेन्नई आणि हावडा-मुंबई हे देशाचे दोन मोठे मार्ग सेवाग्राम-नागपूरदरम्यान एकाच रुळांवर येतात. त्यात कोळशाच्या मालगाड्या. तिसऱ्या आणि चौथ्या मार्गिकेचे काम वर्षानुवर्षे चालू आहे. त्यामुळे एक्स्प्रेसला वाट देण्यासाठी आपली मेमू किंवा पॅसेंजर कुठेतरी मधेच उभी राहते. सहाला पोहोचणारी गाडी आठला पोहोचते. हिवाळ्यात सहा आणि आठ यांत उजेड आणि काळोखाचा फरक असतो. लहान स्टेशनवर त्या वेळी ऑटो मिळत नाही, गावाचा रस्ता शेतातून जातो. गाडीचा उशीर हा महिलांच्या सुरक्षेचा प्रश्न आहे, पण रेल्वेच्या हिशेबात तो केवळ वेळापत्रकाचा प्रश्न असतो.

आता त्या बापाला तीन दारे का दाखवली गेली ते पाहू. रेल्वेत दोन वेगवेगळी दले काम करतात आणि दोघांचाही गणवेश खाकी असल्याने प्रवाशाचा गोंधळ होतो. पहिले रेल्वे सुरक्षा दल, म्हणजे आरपीएफ. हे केंद्राचे दल, 1957 च्या कायद्याने आलेले, मुळात रेल्वेची मालमत्ता सांभाळण्यासाठी. पुढे कायद्यात दुरुस्ती होऊन प्रवाशांचे संरक्षणही त्यांच्याकडे आले. रेल्वे कायद्यातले गुन्हे, उदाहरणार्थ महिलांच्या डब्यात पुरुषाने शिरणे किंवा विनाकारण साखळी ओढणे, यांवर ते कारवाई करू शकतात. पण विनयभंग, चोरी, मारहाण यांचा एफआयआर नोंदवणे आणि तपास करणे हे काम दुसऱ्या दलाचे, लोहमार्ग पोलिसांचे म्हणजे जीआरपीचे. ते राज्य सरकारचे पोलीस, त्यांचा खर्च मात्र राज्य आणि रेल्वे निम्मा-निम्मा उचलतात. वर्ध्याचे लोहमार्ग पोलीस ठाणे नागपूरच्या लोहमार्ग पोलीस अधीक्षकांच्या अखत्यारीत येते. आणि स्टेशनच्या आवाराबाहेर पाऊल टाकले की तिसरे पोलीस, जिल्ह्याचे. फलाट, डबा आणि स्टेशनबाहेरचा रस्ता ही मुलीसाठी एकच वाट असते. कागदावर तिचे तीन तुकडे होतात.

हे तुकडे सांभाळणे पोलिसांचे काम आहे, तक्रारदाराचे नाही. 1 जुलै 2024 पासून लागू झालेल्या भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम 173 मध्ये स्पष्ट म्हटले आहे की गुन्हा कोणत्याही हद्दीत घडलेला असो, दखलपात्र गुन्ह्याची माहिती घ्यावीच लागते. यालाच झिरो एफआयआर म्हणतात. नंतर तो योग्य ठाण्याकडे पाठवायचा. विनयभंगासारख्या गुन्ह्यात पीडित महिलेची माहिती महिला पोलीस अधिकाऱ्याने किंवा अन्य महिला अधिकाऱ्याने नोंदवली पाहिजे. एफआयआरची प्रत मोफत मिळाली पाहिजे. ऑनलाईन तक्रार केली तर तीन दिवसांच्या आत जाऊन सही करावी लागते. त्या मुलीच्या बाबतीत जे घडले ते भारतीय न्याय संहितेच्या कलम 74 खाली येते. हा गुन्हा दखलपात्र आहे, अजामीनपात्र आहे. या कलमाखालची माहिती नोंदवायला नकार देणाऱ्या लोकसेवकाला त्याच संहितेच्या कलम 199 नुसार सहा महिने ते दोन वर्षे सक्तमजुरी होऊ शकते. ठाण्यात दाद लागली नाही तर लेखी तक्रार टपालाने अधीक्षकांकडे पाठवता येते. आणि "कोणत्या दोन स्टेशनांच्या मध्ये" हे सांगता आले नाही म्हणून तक्रार घ्यायची नाही, असे कायद्यात कुठेही लिहिलेले नाही.

चालू गाडीत असताना 139 वर फोन करून सुरक्षेसाठी 1 दाबायचा. पूर्वीचा 182 हा सुरक्षा क्रमांक 2021 मध्ये याच 139 मध्ये विलीन झाला, तरी जुन्या डब्यांत 182 चे स्टिकर अजून दिसतात. लोहमार्ग पोलिसांचा क्रमांक 1512. लांब पल्ल्याच्या गाडीत टीसी, गार्ड किंवा बंदोबस्तावरील पोलिसाकडे एफआयआरचा छापील अर्ज असतो, तो भरून दिला की पुढच्या लोहमार्ग ठाण्यात जातो. आपल्या मेमूत टीसी क्वचितच दिसतो, पण गार्ड शेवटच्या डब्यात असतोच. 2022 पासून त्याचे पदनाम ट्रेन मॅनेजर असे झाले आहे. पुढच्या थांब्यावर त्याला गाठता येते. साखळी ओढायला लोक घाबरतात. रेल्वे कायद्याचे कलम 141 पुरेशा कारणाशिवाय साखळी ओढणाऱ्याला शिक्षा देते. एखाद्या मुलीवर हल्ला होत असेल तर त्याहून पुरेसे कारण दुसरे काय असणार?

आपल्या वाचकांसाठी आणखी एक मुद्दा, कारण यावर गावागावात गैरसमज आहे. बौद्ध झालो म्हणजे ॲट्रॉसिटी कायदा लागू होत नाही, असे तक्रारदाराला सांगितल्याचे मी स्वतः ऐकले आहे. हे चूक आहे. 1990 च्या दुरुस्तीने अनुसूचित जातींमधून बौद्ध धम्मात आलेल्यांचा अनुसूचित जातींमध्ये समावेश झाला. तेव्हापासून हा कायदा त्यांनाही लागू होतो. डब्यात चारचौघांसमोर जातीवरून शिवीगाळ झाली, किंवा जात माहीत असताना स्त्रीला लैंगिक हेतूने स्पर्श केला, तर कलम 3 खाली स्वतंत्र गुन्हा बनतो. मात्र जातीचा दाखला जवळ ठेवावा. बाकी सगळे बरोबर असून दाखला नसल्यामुळे प्रकरणे रेंगाळलेली मी पाहिली आहेत.

पण कायद्याची एवढी माहिती असली तरी त्या संध्याकाळी डब्यातली माणसे बोलली असती का? ऑगस्ट 2002 मध्ये मुंबईच्या लोकलमध्ये एका गतिमंद मुलीवर इतर प्रवाशांच्या डोळ्यांदेखत बलात्कार झाला होता. तेव्हा सगळा महाराष्ट्र हळहळला आणि मुंबईकरांच्या बेफिकिरीवर अग्रलेख लिहिले गेले. माझा अनुभव थोडा वेगळा सांगतो. माणसे बेफिकीर नसतात, एकटी असतात. मधे पडलो तर मार कोण खाणार, साक्षीला कोर्टात चकरा कोण मारणार, हा हिशेब प्रत्येक जण मनातल्या मनात एकट्याने करतो. तोच हिशेब दहा जणांनी आधीच मिळून केलेला असेल तर उत्तर बदलते. लोकसहभागातून पोलिसिंग म्हणतात ते या साध्या गोष्टीवर उभे आहे.

ही कल्पना आपल्याला नवीन नाही. राज्यघटनेच्या सातव्या अनुसूचीतील राज्य सूचीत दुसरी नोंद पोलिसांची आहे आणि तिच्या कंसात रेल्वे पोलीस आणि ग्राम पोलीस शेजारी-शेजारी उभे आहेत. गावाच्या बाबतीत आपण पोलीस पाटील, ग्रामसुरक्षा दल आणि 15 ऑगस्ट 2007 पासूनची महात्मा गांधी तंटामुक्त गाव मोहीम असे प्रयोग केले. रेल्वेच्या वाट्याला तसे काही आले नाही, कारण डब्याला गाव मानायला कोणी तयार नव्हते. खरे तर अप-डाऊनचा डबा हे रोज भरणारे गाव आहे.

या बाबतीत भिवंडीचे उदाहरण अभ्यासण्यासारखे आहे. 1970 आणि 1984 च्या दंगलींनी होरपळलेल्या या शहरात पोलीस उपायुक्त सुरेश खोपडे यांनी 1988 नंतर मोहल्ला समित्या उभ्या केल्या. पुढाऱ्यांना बाजूला ठेवून दोन्ही समाजांची साधी माणसे त्यात घेतली आणि भागाभागातल्या पोलीस शिपायाला समितीशी बांधले. दंगल नसतानाही समित्या बसत, नळाच्या आणि गटाराच्या भांडणांवर बोलत. डिसेंबर 1992 आणि जानेवारी 1993 मध्ये मुंबई जळत असताना भिवंडी शांत राहिली. गुन्हा घडल्यावर जमणाऱ्या लोकांना जमाव म्हणतात. समिती त्याच्या आधीच बसलेली असते.

इथे मला सावधही करायचे आहे. मेमूमध्ये चढलात तर पहिल्याच दिवशी दिसेल की डब्यात "ग्रुप" असतात. कोणता बाक कोणाचा हे ठरलेले असते. रुमाल, पिशवी किंवा वर्तमानपत्र टाकून जागा धरली जाते. हे लोक भजन म्हणतात, वाढदिवस करतात, कुणी आजारी पडले तर वर्गणीही काढतात. हीच उद्याची सुरक्षा समिती होऊ शकते. पण हाच ग्रुप नवख्या प्रवाशाला उठवतो, आडनाव विचारतो, आडनाव कळल्यावर सरकून बसतो किंवा सरकत नाही. 28 ऑगस्ट 2024 रोजी धुळे-मुंबई एक्स्प्रेसमध्ये इगतपुरीजवळ एका वृद्ध मुस्लिम प्रवाशाला गोमांसाच्या संशयावरून तरुणांच्या टोळक्याने मारहाण केली आणि स्वतःच त्याचा व्हिडिओ काढला. त्यांच्यातले काही पोलीस भरतीच्या परीक्षेला निघाले होते, अशा बातम्या तेव्हा आल्या. आपण डब्यात पहारा देतो आहोत, अशीच त्या टोळक्याची समजूत असणार.

म्हणून "समाजाने सुरक्षेची जबाबदारी घ्यावी" असे कोणी म्हटले की मी आधी विचारतो, कोणता समाज? बाबासाहेबांनी आपल्या आठवणींत 1901 सालचा एक प्रसंग लिहिला आहे. नऊ वर्षांचे भीमराव, भाऊ आणि भाच्यासोबत साताऱ्याहून वडिलांना भेटायला निघाले आणि मसूर स्टेशनवर उतरले. न्यायला कोणी आले नव्हते. चांगले कपडे घातलेली ही मुले पाहून स्टेशनमास्तरने आपुलकीने चौकशी केली. जात कळताच त्याचा चेहरा बदलला आणि एकही गाडीवान त्यांना न्यायला तयार होईना. ती मुले स्टेशनच्या हद्दीत होती, अधिकारी समोर होता, तिकीट खिशात होते. तरीही ती असुरक्षित होती. वर्दी किंवा समिती असणे पुरेसे नाही, तिच्या नजरेत तुम्ही प्रवासी आहात की नाही यावर सगळे ठरते.

त्यामुळे समितीला कायद्याची मर्यादा घालणे आवश्यक आहे. नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम 40 प्रमाणे, डोळ्यांसमोर दखलपात्र आणि अजामीनपात्र गुन्हा घडला तर सामान्य नागरिकही आरोपीला पकडू शकतो, पण सहा तासांच्या आत त्याला पोलिसांच्या ताब्यात द्यावे लागते. इथे त्याचा अधिकार संपतो. पिशवी उघडायचा, ओळखपत्र मागायचा, झडती घ्यायचा, मारायचा अधिकार कोणालाही नाही. जात किंवा धर्मासारख्या कारणावरून पाच किंवा अधिक जणांनी मिळून गंभीर दुखापत केली तर न्याय संहितेत त्यासाठी वेगळी शिक्षा आहे.

पिशवीचा मुद्दा वर्धा जिल्ह्यात जरा जास्तच लागू होतो. सत्तरच्या दशकापासून आपल्याकडे दारूबंदी आहे आणि नागपूरकडून येणाऱ्या गाड्यांतून दारू येते हे शाळकरी पोरालाही ठाऊक आहे. जनरल डब्यात बाकाखाली पिशव्या असतात, मालक दुसऱ्या डब्यात बसतो. पकडली जाते ती बहुधा पिशवी वाहणारी बाई किंवा पोरगा. माल पाठवणारा ठोक विक्रेता गाडीने प्रवास करत नाही. कूटदन्त सुत्तात पुरोहित राजाला सांगतो की चोरांना मारून किंवा हाकलून चोरी संपणार नाही, शेतकऱ्याला बियाणे, व्यापाऱ्याला भांडवल आणि सेवकाला वेतन दे. पिशवी वाहणाऱ्या बाईकडे पाहताना मला हे सुत्त आठवते. गाडीत दारू दिसली तर 139 वर कळवा, डब्यातून माणसाला उतरवू नका.

आपल्याकडे या कामाचा एक जुना नमुना आहे. दसऱ्याला आणि 14 ऑक्टोबरला दीक्षाभूमीवर, 6 डिसेंबरला चैत्यभूमीवर लाखो लोक येतात. तिथे समता सैनिक दलाचे सैनिक रांगा लावतात, हरवलेल्या लेकरांना आईपर्यंत पोहोचवतात. लाठीशिवाय, शिस्तीने. पण ही शिस्त दीक्षाभूमीच्या फाटकाशी सुरू होते. त्याआधीचा पुलगाव, वर्धा, हिंगणघाटपासूनचा प्रवास दारात लोंबकळून होतो. 9 जून 2025 ला मुंब्र्याजवळ लोकलच्या दारातून माणसे पडून मेली, तशी गर्दी आपल्या गाड्यांना त्या दिवसांत असते. दरवर्षी आरक्षित डब्यात शिरलेल्या लोकांचे फोटो फिरतात आणि आपल्या समाजाला फुकटे ठरवले जाते. तिकीट काढूनच जावे, आरक्षित जागा सोडावी, हे मी आमच्या बैठकांत रोखठोक सांगतो. पण जनरलचे पुरेसे डबे न जोडता गर्दीलाच दोष देणे हेही मान्य नाही. आणि तिकीट नसले तरी एकट्या बाईला रात्री कुठल्याही स्टेशनवर उतरवता येत नाही. रेल्वे कायद्याच्या कलम 139 प्रमाणे ते दिवसा, आणि तिने प्रवास सुरू केलेल्या स्टेशनवर, जंक्शनवर, शेवटच्या स्टेशनवर किंवा जिल्ह्याच्या ठिकाणीच करता येते. स्वयंसेवकांना हे पाठ असायला हवे.

वर्ध्यात काय करता येईल? आरपीएफची "मेरी सहेली" योजना 2020 पासून आहे, ती मुख्यतः लांबच्या प्रवासात एकट्या निघालेल्या महिलांसाठी. तासाभराच्या अप-डाऊनवाल्या मुली तिच्या चौकटीत बसत नाहीत. त्यांच्यासाठी गाडीनिहाय गट हवा, त्यात निम्म्याहून अधिक महिला हव्यात, आणि प्रत्येक गटाला लोहमार्ग ठाण्यातला एक नावानिशी ठरलेला शिपाई जोडलेला हवा, भिवंडीसारखा. गटात एकाच बाकाचे, एकाच समाजाचे लोक नकोत. फळविक्रेती आणि एमआयडीसीचा कंत्राटी कामगारही हवेत, कारण तेच रोज डबा पाहतात. महिन्यातून एकदा बसायचे आणि काय घडले ते वहीत लिहायचे. स्टेशनवरचा कोणता दिवा बंद आहे, कोणती गाडी कोणत्या स्टेशनवर अंधारात पोहोचली, महिलांच्या डब्यात कोण चढले. सहा महिन्यांची अशी वही घेऊन विभागीय व्यवस्थापकांकडे गेले तर "तक्रारच नाही" असे उत्तर देता येत नाही. विहारातल्या महिला मंडळांना वही लिहायची सवय आहे, बचत गटांनी ती लावली आहे.

त्या मुलीच्या घरी मी आणखी तीनदा गेलो. गुन्हा आता नोंदवायचा नाही, असे तिनेच सांगितले. तो तिचा निर्णय आहे. तिच्या आईने मात्र त्याच स्टेशनवरून नागपूरला जाणाऱ्या मुलींची नावे गोळा केली. आसपासच्या तीन गावांतून अकरा निघाल्या. आजवर त्या वेगवेगळ्या डब्यांत चढत होत्या आणि एकमेकींना ओळखतही नव्हत्या. नव्या सत्रात मुलीने पुन्हा प्रवेश घेतला. संध्याकाळची गाडी उशिरा असली की अकरांपैकी कोणीतरी फोन करते आणि दोन आया टॉर्च घेऊन फलाटावर येऊन उभ्या राहतात. तिथला एक दिवा गेले चार महिने बंद आहे. वहीत त्याची पहिली नोंद झाली आहे.